बारा व्होल्ट जातात कुठे?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात एमजीचा कारखाना होता. १९६२ ते १९८० या काळात तिथून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बाहेर पडत राहिली. उघड्या टपाची रोडस्टर आणि १९६५ पासून बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशात, मुख्यतः अमेरिकेत गेल्या. या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या याच बी-मालिकेतलं.

आज सगळ्यात धाकटी एमजीबीसुद्धा चाळिशी ओलांडून गेली आहे. तिचं इंजिन नीट तेलपाणी केलं तर अजून धावतं, गिअरबॉक्स टिकतो, पत्रा जोडता येतो. मालकाला हतबल करते ती वीज. आज हेडलाइट लागतो, उद्या लागत नाही. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो. काल व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही. अशा वेळी मालक नवी बॅटरी आणतो, मग नवा अल्टरनेटर, मग नवी कॉइल. पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

या गाड्यांचं बहुतेक विजेचं सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं. जॅग्वार, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली अशा त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांवर हेच नाव दिसतं. १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस या कंपनीच्या रूपाने ते चेन्नईत आलं आणि भारतीय रस्त्यांवरही रुळलं. पाश्चात्त्य मोटरशौकिनांनी लुकासची यथेच्छ थट्टा केली, आणि ती मला अन्यायाची वाटते. पन्नास वर्षांपूर्वीचा सेल्फ किंवा डायनामो उघडून पाहिला तर तो पुष्कळदा अजून चालण्याजोगा असतो. झिजलेल्या असतात त्या त्याच्यापर्यंत जाणाऱ्या आणि त्याच्याकडून परतणाऱ्या वाटा. जुन्या गाडीत वीज यंत्रात क्वचित मरते, बहुधा सांध्यात मरते. हे एकदा मनावर ठसलं की बिघाड शोधण्याची पद्धतच बदलते. ती पद्धत या प्रकरणात पाहू. उदाहरण एमजीबीचं घेतलं आहे, कारण तिच्यात संगणक नाही, लपलेलं काही नाही. प्रत्येक तार डोळ्यांनी पाहता येते आणि बोटाने चाचपता येते.

जाण्याची वाट आणि येण्याची वाट

बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेतून, स्विचमधून, दिव्यातून किंवा मोटरमधून जातो आणि पुन्हा बॅटरीत येतो. घरात या परतीसाठी दुसरी तार असते. गाडीत ते काम पत्र्याचा सांगाडा करतो. बॅटरीचं एक टोक जाड केबलने सांगाड्याला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याची परत येणारी बाजूही कुठे ना कुठे सांगाड्याला टेकलेली असते. यालाच गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात. नव्या गाडीत ही व्यवस्था स्वस्त आणि सुटसुटीत असते. पण पत्रा गंजतो, त्याच्यावर रंगाचे थर चढतात, स्क्रू सैल होतात. जाण्याची तार कितीही चांगली असली तरी परतीची वाट अडली की दिवा मंदावतो. म्हणून जुन्या गाडीत पहिला संशय अर्थवर घ्यावा.

इथे एमजीबीचा एक इतिहास माहीत हवा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे. त्यानंतर ऋण टोक जोडायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. जुन्या पद्धतीच्या गाडीला आजच्या पद्धतीने बॅटरी जोडली, किंवा ऋण अर्थसाठी बनवलेला रेडिओ तसाच बसवला, तर महागाचं नुकसान होतं. मधल्या काळात पुष्कळ मालकांनी जोडणी उलटून घेतली आहे, त्यामुळे गाडीच्या सालावर विसंबू नये. बॅटरीची कोणती केबल पत्र्याला लागली आहे ते आधी डोळ्यांनी पाहावं.

दुसरी गोष्ट बॅटरीचीच. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत आसनांच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. एका जोडकेबलने त्या एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट मिळवले जात. म्हणजे एका बॅटरीला दोन सांधे लागतात, तर इथे चार. पुन्हा ही जागा रस्त्याच्या चिखलपाण्याच्या जवळ, आणि फळी उचलल्याशिवाय दिसत नाही. जे दिसत नाही त्याची निगा राहत नाही. बाहेरून तक्रार येते ती ‘सेल्फ जड फिरतो’ एवढीच, आणि तिचं मूळ पुष्कळदा या चारांपैकी एका सांध्यावरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीत असतं.

बिघाड तीनच

गाडीतले विजेचे बिघाड मोजायला बसलं तर शेकडो वाटतात, पण त्यांचे प्रकार तीनच आहेत.

पहिला, तुटलेली वाट. तार तुटली, फ्यूज उडाला, बल्बची तार जळाली. प्रवाह वाहतच नाही. हा बिघाड सगळ्यात सोपा, कारण तो कायम असतो आणि लपत नाही.

दुसरा, आडवाट. तारेवरचं आवरण घासून तांबं पत्र्याला टेकलं की प्रवाह दिव्यापर्यंत न जाता मधूनच परत फिरतो. याला आपण शॉर्ट म्हणतो. रोध जवळजवळ नसल्याने प्रवाह बेसुमार वाढतो. फ्यूज असेल तर तो उडतो, नसेल तर तार तापून पेटते. हा बिघाड धोक्याचा, पण त्याची खूण स्पष्ट असते.

तिसरा, अडलेली वाट. सांधा तुटलेला नाही, पण गंजाने किंवा सैलपणाने त्याचा रोध वाढला आहे. प्रवाह वाहतो, पण कमी. जुन्या गाडीतल्या तक्रारींचा मोठा वाटा याच प्रकारातला, आणि फसवणारा प्रकारही हाच.

तो का फसवतो हे ओहमच्या नियमावरून कळतं. एखाद्या सांध्यात किती व्होल्ट खर्च होतात ते त्या सांध्याचा रोध आणि त्यातून जाणारा प्रवाह यांच्या गुणाकाराएवढं असतं. समजा सांध्याचा रोध ०.१ ओहम आहे. डॅशबोर्डवरचा छोटा बल्ब ०.२ अँपिअर घेतो. तिथे ०.०२ व्होल्ट खर्च होतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. त्यांच्या सामाईक वाटेवर हाच सांधा असेल तर एक व्होल्ट जाईल आणि रस्ता अंधुक दिसेल. सेल्फला दीडशे अँपिअरच्या आसपास लागतात. त्याच्या वाटेत एवढा रोध आला तर तो फिरणारच नाही. सेल्फच्या वाटेत ०.०१ ओहमसुद्धा दीड व्होल्ट खातो. सांधा एकच, पण एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी गाडी बंद पाडणारा.

भार घालून मोजा

इथेच बहुतेकांची वाट चुकते. हेडलाइट मंद आहे म्हणून बल्ब काढतात, मल्टिमीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात आणि ‘करंट तर येतोय’ म्हणून बल्बला दोष देतात. पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे अडलेल्या सांध्यातही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. चाळीत वरच्या मजल्यावरचा नळ बंद असताना पाइपात दाब भरपूर असतो, तोटी उघडली की मात्र करंगळीएवढी धार येते. पाइप आतून बुजला आहे हे पाणी वाहू लागल्यावरच समजतं. विजेचंही तसंच आहे. दिवा लागलेला असताना, मोटर फिरत असताना मोजलेलं व्होल्टेजच खरं बोलतं.

रोध मोजण्याचा मार्गही इथे अपुरा पडतो. जाड केबलच्या बहुतेक काड्या तुटून दोन-चार उरल्या असल्या तरी मीटर ‘शून्य ओहम’ दाखवतो, कारण साधा मीटर ओहमचा शंभरावा भाग ओळखू शकत नाही. त्या दोन-चार काड्या सेल्फचा प्रवाह मात्र पेलू शकत नाहीत.

म्हणून खरी चाचणी म्हणजे व्होल्टेज कुठे खर्च होतं ते मोजणं. सेल्फ जड फिरत असेल तर आधी बॅटरी स्वतः कशी आहे ते पाहा. काही तास स्वस्थ ठेवलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे, बाराच्या खाली म्हणजे उतरली आहे. मग कॉइलकडे जाणारी पांढरी तार सोडवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर बॅटरीच दुबळी आहे.

बॅटरी ठीक निघाली तर वाटेकडे वळा. मीटरची एक पिन बॅटरीच्या जिवंत टोकावर ठेवा. क्लिपवर नको, शिशाच्या खांबावरच, कारण क्लिप आणि खांब यांच्यातला सांधाही तपासायचा आहे. दुसरी पिन सेल्फवरच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरताना जे व्होल्ट दिसतील ते या वाटेत खर्च झालेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असावेत. मग परतीची वाट: एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. इथे त्याहूनही कमी दिसायला हवं. जिथे आकडा मोठा येईल तिथे पिना एकेक सांधा जवळ आणत जा. आकडा ज्या सांध्यापाशी अचानक घसरतो तोच दोषी. पाना हातात घेण्याआधीच उत्तर मिळालेलं असतं, आणि तेही अंदाजाशिवाय.

परतीच्या वाटेवर एक सांधा विशेष महत्त्वाचा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी पायांवर बसलेले असतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून त्यांना सांगाड्याशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवताना ही पट्टी लावायची राहून जाते किंवा तेल-चिखलाखाली कुजते. मग सेल्फचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट धरतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला तर केबल बदलू नका, पट्टी शोधा.

तारांचे रंग

ब्रिटिश गाड्यांच्या तारांचे रंग ठरलेले आहेत, आणि ते पाठ असले की अर्धा तपास डोळ्यांनीच होतो. तपकिरी तार बॅटरीतून थेट येते, चावी काढली तरी जिवंत असते आणि तिच्यावर फ्यूज नसतो. पांढरी तार चावी फिरवल्यावर जिवंत होते. कॉइल आणि पेट्रोलपंप तिच्यावर. पांढरी तार फ्यूजमधून गेली की हिरवी होते. जांभळी तार कायम जिवंत, पण फ्यूजमधून आलेली, हॉर्नसाठी. लाल तार पार्किंग आणि मागच्या दिव्यांची. निळी हेडलाइटची: निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, लाल रेघ म्हणजे डिपर. काळी म्हणजे अर्थ. मुख्य रंग तार कोणत्या कुटुंबातली ते सांगतो, आणि त्यावरची बारीक रेघ ती कुठे चालली आहे ते.

याचा उपयोग असा. एमजीबीत वायपर, हीटरचा पंखा, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे आणि पेट्रोलचा काटा हे सगळं एकदम गेलं तर पाच बिघाड शोधत बसू नये. हे सगळे हिरव्या तारेवर जगतात, म्हणून हिरव्या फ्यूजकडे जावं. त्यातही फ्यूज उडालाच असेल असं नाही. तो ज्या पितळी क्लिपमध्ये बसतो ती काळवंडलेली किंवा ताण गेलेली असते. फ्यूज जागेवर फिरवला आणि सगळं सुरू झालं, तर रोग क्लिपमध्ये आहे. बारीक एमरी पेपरने ती घासून थोडी आत दाबली की काम होतं.

तेच एकटे इंडिकेटर गेले आणि बाकी हिरवं कुटुंब शाबूत असेल, तर ज्या गाड्यांत हॅझार्डचं बटण आहे तिथे ते बटण वीसेक वेळा आत-बाहेर करून पाहा. इंडिकेटरचा प्रवाह त्या बटणातून जातो, आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या बटणाचे संपर्क आतून काळे पडलेले असतात. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर टाकी किंवा इंजिन तपासण्याची गरज नाही. ज्या गाड्यांत दोन्ही काटे विजेवर चालतात तिथे त्यांना सरासरी दहा व्होल्ट पुरवणारा एक छोटा स्थिरक असतो. तो बिघडला किंवा त्याचा अर्थ सुटला की दोघांना पूर्ण व्होल्टेज मिळतं. आणि ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद उजळत असेल, तर मागच्या दिव्याचा अर्थ गेला आहे. परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

सामाईक लक्षणावरून सामाईक सांध्याकडे जाण्याचा हा विचार मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दोन गोष्टी एकाच क्षणी बिघडल्या तर त्यांच्यात काय सामाईक आहे, एवढाच प्रश्न. उत्तर त्या वर्षाच्या वायरिंगच्या नकाशात असतं. ‘त्या वर्षाच्या’ हे महत्त्वाचं, कारण अठरा वर्षांत एमजीबीचं वायरिंग पुन्हा पुन्हा बदललं.

फ्यूजबद्दल आणखी एक सावधगिरी. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते तो उडण्याचा प्रवाह सांगतं. सतत वाहण्याची त्याची मर्यादा साधारण १७ अँपिअरची. आज बाजारात मिळणाऱ्या काही फ्यूजवर ३५ म्हणजे सतत ३५ असा अर्थ असतो. तो बसवला तर फ्यूज वाचेल आणि तार जळेल.

हेडलाइट मंद का?

एमजीबीचा हेडलाइट हा अडलेल्या वाटेचा उत्तम धडा आहे. मूळ गाडीत रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, नाही. हेडलाइटचा सगळा प्रवाह तपकिरी तारेतून डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये, तिथून डिपरच्या स्विचमध्ये, तिथून पुढच्या भागातल्या गोळीच्या आकाराच्या जोडांमधून बल्बपर्यंत आणि पुढच्या पत्र्यावरून परत. वाटेत दहाबारा तरी सांधे. प्रत्येकाने व्होल्टचा दहावा भाग खाल्ला तरी एक व्होल्टहून जास्त गेलं.

साध्या फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणून बॅटरीवर १३.५ आणि लागलेल्या बल्बच्या टोकांवर १२ व्होल्ट दिसत असतील, तर जवळजवळ तिसरा हिस्सा उजेड सांध्यांमध्ये उष्णता होऊन गेला. अशा गाडीत जास्त वॉटचा बल्ब लावणं म्हणजे जुन्या स्विचवर आणखी भार टाकणं. योग्य उपाय असा: सगळे जोड साफ करावेत, पुढे नवी अर्थची तार द्यावी, आणि दोन रिले बसवून बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून जाड तारेने थेट दिव्यांना द्यावा. मग जुन्या स्विचवर फक्त रिले चालवण्याएवढाच भार राहतो, आणि त्याचं आयुष्यही वाढतं.

चालता चालता बंद पडणारी गाडी

सगळ्यात छळणारा बिघाड म्हणजे येणारा-जाणारा. गाडी चांगली धावते, तापल्यावर अचानक बंद पडते, पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. अशा वेळी पहिला निर्णय एवढाच करायचा: पेट्रोल गेलं की ठिणगी?

एमजीबीत याचे दोन साक्षीदार आहेत. पहिला टॅकोमीटर, कारण बहुतेक गाड्यांत त्याचा काटा इग्निशनच्या विजेवर चालतो. गाडी अजून गिअरमध्ये गडगडत असताना, इंजिन फिरत असताना, काटा धाडकन शून्यावर आला तर कॉइलच्या बाजूचा प्रवाह तुटला आहे. काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे पाहावं. दुसरा साक्षीदार म्हणजे मागच्या बाजूला असलेला एसयू कंपनीचा विजेचा पंप. चावी फिरवल्यावर तो टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. टकटक झालीच नाही तर पंपाचे पॉइंट काळे पडले आहेत, किंवा त्याची पांढरी तार अथवा काळी अर्थची तार सुटली आहे. पंपाला हलकेच ठोकल्यावर तो चालू झाला तर पॉइंटचाच दोष. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. पंपही गप्प आणि इग्निशनही मेलेलं, असं असेल तर दोघांची सामाईक पांढरी तार आणि चावीचा स्विच पाहायचा.

ठिणगीच्या बाजूला एक जागा हमखास सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटला जाणारी एक लहानशी लवचिक तार असते. व्हॅक्यूमच्या ओढीने पॉइंटची तबकडी पुढेमागे सरकते आणि प्रत्येक वेळी ही तार वाकते. वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आतलं तांबं तुटतं, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. गाडी उभी असताना तुटलेली टोकं टेकलेली असतात, म्हणून मीटर सगळं ठीक सांगतो. ॲक्सिलरेटर बदलला की टोकं दूर होतात आणि इंजिन झटके देतं. ही तार मीटर लावून, तबकडी हाताने फिरवत तपासावी. येणारा-जाणारा बिघाड शांत बसलेल्या गाडीत सापडत नाही. ज्या परिस्थितीत तो येतो ती परिस्थिती आपण निर्माण करायची: तार हलवायची, भाग तापवायचा, तबकडी सरकवायची. पॉइंटमधलं अंतरही सोबत पाहून घ्यावं, ते साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावं.

चार्जिंगचा लाल दिवा

डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे धोक्याची नुसती सूचना, असा समज आहे. खरं तर तो दिवा चार्जिंगच्या सर्किटचाच भाग आहे. त्याची एक बाजू चावीवरच्या पांढऱ्या तारेला, दुसरी तपकिरी-पिवळ्या तारेने अल्टरनेटरला जोडलेली असते. चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह या दिव्यातून अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत जातो आणि तिच्यात सुरुवातीचं चुंबकत्व तयार करतो. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर स्वतः वीज करतो, दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो.

यातून दोन निदानं मिळतात. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेला असेल, आणि त्या एका बल्बमुळे चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करणार नाही. इंजिन चालू असताना दिवा पूर्ण न विझता अंधुक जळत राहिला, तर त्याच्या दोन बाजूंत फरक आहे: अल्टरनेटरमधला डायोड गेला आहे किंवा चावीच्या वाटेत कुठे तरी व्होल्ट खर्च होत आहेत. इंजिन थोडं वेगात फिरत असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत असतील तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. अल्टरनेटरवर १४ आणि बॅटरीवर १३ दिसत असतील, तर मधल्या तपकिरी तारेचा सांधा दोषी.

डायनामोच्या जुन्या गाड्यांचं मोजमाप वेगळं. त्यांचा डायनामो कमाल २२ अँपिअर देतो, पहिला अल्टरनेटर ३४ देई. त्यातही इंजिन संथ चालताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही आणि दिवा मिणमिणतो. तो त्या यंत्राचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. अशा गाडीवर मोठे दिवे, रेडिओ आणि विजेचा पंखा लादून तिची बॅटरी उतरते म्हणून तक्रार करता येत नाही.

उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी

बॅटरी चांगली आहे, चार्जिंग ठीक आहे, तरी चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी मरते. म्हणजे चावी काढल्यावरही कुठे तरी प्रवाह वाहतो आहे. पाच वॉटचा एक दिवा चुकून जळत राहिला तर ०.४ अँपिअर घेतो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर सहाएक दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ त्याच्या फार आधी थकतो.

शोध सोपा आहे. सगळं बंद करा, बॅटरीची अर्थची केबल सोडवा आणि केबल व खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून जोडा. रेडिओ आणि घड्याळ नसलेल्या एमजीबीत आकडा जवळजवळ शून्य हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडला त्या कुटुंबात चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर बिनफ्यूजच्या तपकिरी तारांकडे वळा. तिथे पहिला संशय अल्टरनेटरच्या डायोडवर, त्याचा प्लग काढून पाहावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, मीटरचा फ्यूज क्षणात जाईल.

दुरुस्ती टिकावी कशी

बिघाड सापडला की घाईने पट्टी गुंडाळून मोकळं होण्याचा मोह होतो. पुढच्या पाच वर्षांचे बिघाड तिथेच पेरले जातात. आधी बॅटरीची अर्थची केबल सोडावी, मगच हात घालावा. तपकिरी तारेवर फ्यूज नाही हे क्षणभरही विसरू नये. गोळीचे जोड ओढून काढून, नळी आणि गोळी दोन्ही घासून, जोड घट्ट बसत नसेल तर नळी नवी घालावी आणि वर गंज रोखणारं ग्रीस लावावं. मुंबईच्या किंवा कोकणाच्या खाऱ्या दमट हवेत जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावं. अर्थच्या थिंबलखालचा रंग खरवडून उघडा पत्रा दिसू द्यावा, बोल्ट आवळल्यावर त्यावर पुन्हा रंग किंवा ग्रीस द्यावं.

नवी तार घालायची तर मूळ रंगाचीच घालावी. हाताला आली ती लाल तार घालून गाडी आज सुरू होईल, पण दहा वर्षांनी दुसरा कुणी त्या लाल तारेवर विश्वास ठेवून चुकेल. जुन्या गाड्यांत शोधताना सर्वाधिक वेळ जातो तो कंपनीच्या वायरिंगमध्ये नव्हे, मधल्या मालकांनी केलेल्या अशा जोडांमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललं, मीटरने काय दाखवलं, ते तारखेसह वहीत लिहावं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदी किंवा खिळा घालणं हा तर गुन्हाच, कारण फ्यूज उडाला तो तार वाचवण्यासाठी.

एवढं सगळं एकेका मालकाने का शिकावं, असं कुणी विचारेल. अशा गाड्यांची विजेची भाषा जाणणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत, आणि जे आहेत त्यांनाही ‘कधी कधी बंद पडते’ एवढ्यावर काम करता येत नाही. ‘सेल्फ मारताना परतीच्या वाटेत दोन व्होल्ट जातात’ असं सांगणारा मालक त्यांचं निम्मं काम करून आलेला असतो. आणि ज्याला मिस्त्री मिळत नाही त्याला एक मीटर, एक नकाशा आणि थोडा धीर पुरतो. ॲबिंग्डनच्या कारागिरांनी ही गाडी उघडता येईल, समजून घेता येईल अशी बनवली होती. ती समजून घेणारा प्रत्येक मालक तिला आणखी काही वर्षं रस्त्यावर ठेवतो, आणि त्याच्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्याचं कामही हलकं करून जातो.